पॉपस्टार, सक्तीची लष्करभरती आणि कोरियाचं न संपलेलं युद्ध

निळी_शाई

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण चाळिशी उलटलेल्या बाईने बीटीएस ह्या कोरियन पॉप ग्रुपवर लिहिलं की लोक लगेच मुलीच्या नादाने लागलीस का विचारतात. तर हो, मुलीच्याच नादाने लागले, पण आता ती कॉलेजात गेली आणि ऐकते मीच. असो.

विषय गाण्यांचा नाहीये, विषय मधल्या अडीच वर्षांचा आहे. १३ डिसेंबर २०२२ ला सकाळी मी ऑफिसात होते आणि फोनवर बातमी आली की जिन, म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात मोठा, लष्करात दाखल झाला. योनचोन नावाचं गाव, उत्तर कोरियाच्या सीमेजवळ, तिथे नवीन रंगरुटांचं ट्रेनिंग सेंटर. बाकीचे सहाही जण सोडायला गेले होते आणि मग तो फोटो आला, मध्ये जिन, डोक्यावर मशीन फिरवलेली, आणि बाकीच्यांचे हात त्याच्या त्या तासलेल्या डोक्यावर. आपल्याकडे मुंजीत मुलाचा गोटा केल्यावर मामा-काका येताजाता डोक्यावर हात फिरवतात ना, अगदी तस्सं. मला तिथेच भरून आलं, शेजारची विचारायला लागली काय झालं, आणि तिला सांगणार काय.

त्याच्यामागून एकेक करत सगळे गेले. एप्रिल २०२३ मध्ये जे-होप, सप्टेंबरमध्ये शुगा (त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून त्याला बंदूक नाही, सरकारी सेवेचं काम, पण ते २१ महिने), आणि डिसेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांत उरलेले चौघं. बाकीच्यांना १८ महिने. शेवटचा शुगा सुटला २१ जून २०२५ ला. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा म्हणावा असा ग्रुप, चढत्या काळात, अडीच वर्षं एकत्र स्टेजवर नाही. १४ जून २०२२ ला त्यांनी नुसतं म्हटलं की आता थोडे दिवस आपापलं काम करू, तर दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर एका दिवसात चोवीस-पंचवीस टक्के पडला होता, त्यावरून अंदाज करा.

मी वाचत गेले तेव्हा कळलं की हे सगळं ज्या युद्धामुळे आहे ते २५ जून १९५० ला सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला फक्त थांबलं. शस्त्रसंधी झाली, तह झालाच नाही, आणि त्या शस्त्रसंधीवर सुद्धा दक्षिण कोरियाने सही केली नाही, तिकडचे अध्यक्ष सिंगमन री तयारच नव्हते. म्हणजे कागदोपत्री युद्ध अजून चालू आहे आणि १९९२ साली जन्मलेला गाणारा मुलगा त्यात जातो.

माझे प्रश्न दोन. एक, गाणाऱ्याला सूट असावी का? माझं मत नसावी, पण हे मत बनायला मला वेळ लागला. आणि दुसरा जो मला जास्त छळतो, तिथे आवाजाचं काय होतं? गळा म्हणजे रोजचा रियाज. दीड वर्ष पहाटे उठून ओरडायचं, थंडीत पहारा द्यायचा, आणि परत येऊन गायचं. जिनला तर पुढे त्याच सेंटरमध्ये नवीन पोरांना शिकवायला ठेवलं होतं, म्हणजे दिवसभर आरोळ्या. ह्यावर कोणी जाणकार असेल तर लिहा.

चहाबाज

धागा चांगला आहे पण माझं मत कडक आहे, राग नसावा. त्या देशात दर वर्षी लाखो पोरं जातात, त्यात कोणी नुकतंच दुकान टाकलेलं असतं, कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणी घरातला एकटा कमावता असतो. त्यांच्या डोक्यावरून मशीन फिरते तेव्हा फोटो काढायला कोणी नसतं. पॉपस्टार परत आला की हजारो लोक वाट बघत उभे असतात, दुकानवाल्याचं गिऱ्हाईक दीड वर्षात दुसरीकडे गेलेलं असतं. त्यामुळे करिअर खंडित झालं म्हणून वाईट वाटायचंच असेल तर आधी त्याच्यासाठी वाटावं असं मला वाटतं.

निळी_शाई

@चहाबाज, राग कशाला. दुकानवाल्याचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, हे खरं आहे आणि ते यायला हवं होतं.

जुनी_रेकॉर्ड

माझ्याकडे जुन्या अमेरिकन गाण्यांच्या रेकॉर्डस् आहेत, वडिलांनी मुंबईला चोरबाजारातून गोळा केलेल्या. त्यातल्या एका गायकाची गोष्ट ह्या धाग्यात अगदी चपखल बसते कारण युद्ध तेच आहे, कोरियाचंच.

एडी फिशर. आजच्या पिढीला सांगायचं तर स्टार वॉर्समधल्या प्रिन्सेस लेयाचे, म्हणजे कॅरी फिशरचे वडील. फिलाडेल्फियाचा, १९२८ चा जन्म, घरची गरिबी, आणि पन्नास-एक्कावन्नच्या सुमारास पोरींच्या किंकाळ्या सुरू झाल्या होत्या. आणि ऐन तेव्हा, १९५१ ला, सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं. त्या तीन वर्षांत अमेरिकेने पंधरा लाखांच्या आसपास पोरं अशी उचलली होती त्यातलाच हा एक. टेक्सासला ट्रेनिंग, मग कोरिया, आणि नंतर अमेरिकन लष्कराच्या मुख्य बँडचा गायक. युनिफॉर्म घालून तो टीव्हीवर गायचा आणि तसे त्याचे फोटो खूप आहेत.

आणि आता गंमत बघा, त्याचं करिअर थांबलं का? नाही! १९५२ मध्ये हा माणूस लष्करात असताना त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. १९५३ ला सुटल्याबरोबर कोका-कोलाने स्वतःचा टीव्ही शो दिला. म्हणजे युनिफॉर्मने त्याचं नुकसान केलं नाही, उलट घराघरातल्या आयांना तो आपला मुलगा वाटायला लागला. त्याला खाली आणलं ते पुढे रॉक अँड रोलने आणि एलिझाबेथ टेलरच्या प्रकरणाने, त्या युद्धाने नाही.

पण त्याची ड्यूटी गाण्याचीच होती हे विसरून चालणार नाही. त्याच वेळी त्याच कोरियात त्याच्याच वयाची पोरं थंडीत बोटं गळून घरी येत होती. त्यामुळे चहाबाज म्हणतात ते १९५१ ला पण तितकंच लागू होतं.

रानपाखरू

निळी_शाई तै, मी पक्की आर्मी आहे (म्हणजे बीटीएसची फॅन, आपल्या ह्याच मंचावरच्या फौजी_आप्पांनी गैरसमज करून घेऊ नये) आणि सूट ह्या विषयावर आमच्या ग्रुपात इतकी भांडणं झालीत की आता पाठ झालंय सगळं, तर थोडं लिहिते.

कोरियात सूट मिळते, पण कुणाला ते बघा. ऑलिम्पिकमध्ये कुठलंही मेडल, एशियाडमध्ये फक्त सुवर्ण, आणि कलाकारांमध्ये ठरावीक आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संगीत आणि बॅले स्पर्धांत पहिला-दुसरा नंबर, किंवा देशातल्या पारंपरिक कलेच्या स्पर्धेत पहिला. हा नियम १९७३ चा, तेव्हाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही ह्यांच्या काळातला. तेव्हा देश गरीब होता, जगात नाव कोणी काढत नव्हतं, म्हणून जो नाव काढेल त्याला सवलत. फुटबॉलवाला सोन ह्यंग-मिन, त्याला २०१८ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण मिळालं म्हणून तो सुटला, तरी २०२० मध्ये त्याला जेजू बेटावर मरीनमध्ये तीन आठवड्यांचं ट्रेनिंग करावं लागलं, शिवाय ५४४ तास समाजसेवा पण असते. पूर्ण माफी असं काही नाहीये.

पण ह्यात पॉप संगीत कुठेच नाही. व्हायोलिनने नाव काढलं तर चालतं, बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत, पहिला नंबर आणला तर नाही. माझा राग ह्यावर आहे, सूट द्या असं नाही म्हणत मी, पण मोजायची पट्टी एक ठेवा ना. संसदेत खूप चर्चा झाली आणि डिसेंबर २०२० ला जो कायदा झाला त्यात इतकंच, की सरकारी सन्मान मिळालेल्या पॉप कलाकाराला २८ च्या ऐवजी ३० वर्षांपर्यंत पुढे ढकलता येईल. जिन ४ डिसेंबरला ३० चा झाला आणि १३ ला गेला. आणि त्याने तर आधीच स्वतःहून अर्ज केला होता की माझी मुदतवाढ काढून घ्या. १५ ऑक्टोबर २०२२ ला बुसानला शेवटची कॉन्सर्ट, फुकट होती ती, आणि १७ ला लष्करात जाण्याची घोषणा. त्या दोन दिवसांत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की आपण बघितली ती शेवटची आहे. मी होस्टेलवर लॅपटॉपवर बघत होते आणि नेट सारखं जात होतं, निम्मी गाणी तर मी बघितलीच नाहीत, पुढची अडीच वर्षं ते मनाला लागून राहिलं.

घाटवाट

वाह, रानपाखरू, मस्त लिहिलंय. मला त्या युद्धाचा आपल्याकडचा धागा जोडायचाय कारण तो फार थोड्यांना माहीत असतो, कोल्हापूरकर म्हणून मला तो लहानपणापासून ऐकून माहीत.

शस्त्रसंधी झाली तेव्हा सगळ्यात अवघड प्रश्न होता युद्धकैद्यांचा. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते आम्हाला परत जायचं नाही, आणि तिकडच्या बाजूलाही तीनशेवर होते जे दक्षिणेत परतायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला तटस्थ फौज पाहिजे होती आणि ती गेली भारताची, कस्टोडियन फोर्स. तिचे प्रमुख होते जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे, वडगावचे. आणि ह्या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. सिंगमन री म्हणाले की भारतीय सैनिकाचा पाय माझ्या जमिनीवर पडता कामा नये, तर आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरात जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं, हजारो माणसं! तिथे तंबूंचं गाव वसवलं, त्याचं नाव हिंद नगर. १९५३ चा हिवाळा त्यांनी तिथे काढला, कैदी दंगली करायचे, आपल्या अधिकाऱ्यालाच पकडून ठेवायचे, तरी थोरातांनी शक्यतो गोळी न चालवता निभावलं. त्याच्याही आधी १९५० च्या नोव्हेंबरपासून आपलं ६० वं पॅरा फील्ड अँब्युलन्स पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज ह्यांच्या हाताखाली तिकडे जखमींवर उपचार करत होतं.

सांगायचं कारण, योनचोन ज्या भागात आहे, जिथे बीटीएसचे जिमिन आणि जंगकूक पण होते, तो ह्याच पट्ट्याला लागून आहे. जंगकूक तिथे स्वयंपाकी होता म्हणे. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचे थोरले भाऊ हिंद नगरला होते, ते सांगायचे की तिथे डाळ शिजायची नाही आणि शिजलेली खाईपर्यंत गोठायची. मी जंगकूकची बातमी वाचली तेव्हा मला आधी ती डाळ आठवली.

निळी_शाई

घाटवाट, अंगावर काटा आला. मी थोरातांचं नाव ऐकलं होतं पण ते १९६२ च्या संदर्भात. हे माहीतच नव्हतं. मुलीला फोन करून सांगितलं, ती दोन मिनिटं गप्पच बसली.

चहाबाज

घाटवाट +१. आता माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू मीच मांडतो, कारण रानपाखरूचं वाचून मी काल बरंच शोधलं.

तिकडच्या लोकांना टाळणाऱ्याची किती चीड आहे ते बघायचं तर यू सुंग-जुन. १९९७ पासून प्रचंड मोठा स्टार गायक, टीव्हीवर सांगायचा की मी लष्करात जाणार, आणि जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, म्हणजे भरती आपोआप टळली. फेब्रुवारीत सोलला परत आला तर विमानतळावरूनच परत पाठवला. तेव्हापासून देशात प्रवेश नाही. सर्वोच्च न्यायालयात दोनदा त्याच्या बाजूने निकाल लागला, २०२० आणि २०२३ ला, तरी व्हिसा नाकारला गेला. पंचविशीत घेतलेला एक निर्णय आणि माणूस पन्नाशीला आला तरी आईबापांच्या देशात पाऊल ठेवता येत नाही. मला हे वाचून मात्र वाईट वाटलं. चूक केली, लोकांना फसवलं, मान्य, पण एवढी?

दुसरा साय, गंगनम स्टाइलवाला. त्याने एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करून सेवा पूर्ण केली होती, २००७ मध्ये चौकशीत ठरलं की ती नीट केली नाही, आणि त्याला परत पहिल्यापासून भरती केलं. तोवर लग्न झालेलं, जुळ्या मुली. दोन्ही मिळून ५५ महिने गेले त्याचे. २००९ ला सुटला, २०१२ ला ते गाणं आलं आणि यूट्यूबवर एक अब्ज व्ह्यूज होणारा पहिला व्हिडिओ झाला. आता बोला.

आणि आधी तिकडे एडी फिशरसारखी सोय होती, कलाकार-सैनिकांची वेगळी तुकडी. रेन नावाचा मोठा गायक त्यात होता. २०१३ मध्ये त्यांच्या सुट्ट्या, फोन, रात्री बाहेर असणं ह्यावरून एवढा गदारोळ झाला की ती तुकडीच बरखास्त केली. म्हणून बीटीएसच्या पोरांना गाण्याची ड्यूटी मिळाली नाही. हे मला पटलं. सगळ्यांसारखं जायचं.

रानपाखरू

बीटीएसच्याच आरएम ला मात्र मिलिटरी बँड मिळाला होता हं, ह्वाचॉनला, पण तिथे तो सॅक्सोफोन वाजवायचा. १२ जून २०२४ ला जिन सुटला तेव्हा बाकीचे सुट्टी घेऊन आले होते, आणि आरएम युनिफॉर्ममध्ये गेटवर उभं राहून सॅक्सोफोनवर आमचंच गाणं वाजवत होता. थोडं बेसूर होतं. मी शंभर वेळा बघितलंय.

अश्दोदकर

सगळ्यांना शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, आजोळ अलिबागजवळ, आई-वडील साठच्या दशकात इकडे इस्रायलला आले, घरात अजून मराठी बोलतो. तुमचा धागा वाचून राहवलं नाही कारण आमच्याकडे हा विषय बातम्यांचा नाही, जेवणाच्या टेबलावरचा आहे. अठरा वर्षं झाली की मुलगा काय मुलगी काय, बोलावणं येतं.

पण इकडे एक उलटी गोष्ट घडली ती सांगते. आमच्या लष्कराची स्वतःची गाणी-नाटकांची पथकं होती, त्यातलं सगळ्यात नावाजलेलं नहाल ह्या तुकडीचं. छावण्यांमध्ये फिरून सैनिकांसमोर गायचं. अरिक आइनस्टाइन, योराम गाओन, यार्देना अराझी, हे आमचे मोठमोठे गायक तिथूनच आले. म्हणजे सक्तीच्या भरतीने त्यांचं करिअर तोडलं नाही, तिथेच सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकात रेडिओवर निम्मी गाणी ह्या पथकांची असायची असं आई सांगते, तिला हिब्रू आलं ते ती गाणी ऐकून.

माझी मुलगी गाते. तिला पण पथकात जायचं होतं, ऑडिशन दिली, दोन फेऱ्या पार केल्या आणि तिसऱ्यात राहिली. मग दोन वर्षं एका ऑफिसात बसून वायरलेसवर बोलायचं काम केलं, त्यातला शेवटचा काळ युद्धाचा होता. मी दर शुक्रवारी तिच्यासाठी चिवडा भरून द्यायचे कारण तो टिकतो. ती सुटून घरी आली त्याला आता बरेच महिने झाले. गाते, पण बाथरूममध्ये नाही गात. आधी सारखं बाथरूममधून ऐकू यायचं. मी विचारलं नाहीये अजून.

निळी_शाई तुम्ही आवाजाचं विचारलंत म्हणून लिहिलं. गळ्याला काही झालेलं नाही तिच्या.

निळी_शाई

ताई, मला काय लिहावं सुचत नाहीये. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. तिला वेळ द्या आणि चिवडा चालू ठेवा.

जुनी_रेकॉर्ड

अश्दोदकर ताई, वाचून गलबलून आलं.

एल्विस प्रेस्लीबद्दल मी मागे मुद्दाम लिहिलं नाही कारण तेव्हा युद्ध चालू नव्हतं, शीतयुद्धाचा काळ. पण ताईंचं वाचून आठवला. त्याला बोलावणं आलं डिसेंबर १९५७ ला, हातातला सिनेमा पूर्ण करायचा होता म्हणून साठ दिवसांची मुदत मिळाली, २४ मार्च १९५८ ला भरती. नंबर ५३३१०७६१. त्याला पण सांगितलेलं की गाण्याच्या तुकडीत ये, पण त्याच्या मॅनेजरने हिशेब केला की साधा सैनिक म्हणून गेला तर लोक डोक्यावर घेतील, आणि तसंच झालं. रेकॉर्ड कंपनीकडे आधी करून ठेवलेली गाणी होती, ती थोडी थोडी करून बाहेर काढली, तो जर्मनीत जीप चालवत असताना इकडे त्याची दहा गाणी टॉप ४० मध्ये गेली. जिमिनने पण हेच केलं ना, जुलै २०२४ ला त्याचा अल्बम आला तेव्हा तो तोफखान्यात होता. सहासष्ट वर्षांनी तीच युक्ती.

पण १४ ऑगस्ट १९५८ ला एल्विसची आई गेली. ४६ वर्षांची. तो ट्रेनिंगमध्ये होता, सुट्टी मिळायला वेळ लागला, जेमतेम पोचला. आणि पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, ब्रुकलिनच्या धक्क्यावरून जहाजाने जर्मनीला रवाना. त्याला जवळून ओळखणारे म्हणतात की तो जो गेला तो परत आला नाही. गाण्यांची आकडेवारी सगळी वर गेलेली आहे त्या काळात, ती बघून कुणालाही वाटेल की ह्याचं काय बिघडलं.

टोनी बेनेट आठवतो आणखी. तो १९४४ ला अठराव्या वर्षी फौजेत गेला, तेव्हा स्टार नव्हता, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला गाणारा वेटर. जर्मनीत थेट आघाडीवर पायदळात, नाझींच्या दाखाऊ छळछावणीच्या एका उपछावणीतल्या कैद्यांना सोडवणाऱ्यांत त्याची तुकडी होती. युद्ध संपल्यावर तिथेच एका जुन्या काळ्या मित्राला सोबत जेवायला घेऊन गेला म्हणून त्याची पट्टी काढली आणि मृतदेह उकरून पुन्हा पुरायच्या कामावर लावलं. परत आल्यावर सरकारने माजी सैनिकांना शिकायला जे पैसे दिले त्यातून तो गाणं शिकला. नव्वदी ओलांडल्यावरही गात होता तो माणूस.

पाऊलखुणा

मी मूक वाचक, पहिलाच प्रतिसाद. तुम्ही सगळे थांबलेल्या युद्धाबद्दल लिहिताय, पण युक्रेनमध्ये हे आज चालू आहे. बूमबॉक्स बँडचा आंद्री ख्लिव्हन्युक फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होता, दौरा टाकून परत गेला, आणि कीव्हच्या सोफिया चौकात युनिफॉर्ममध्ये, खांद्याला बंदूक, एक जुनं देशभक्तीचं गाणं नुसत्या गळ्याने गायला. ते ऐकून पिंक फ्लॉइड हा जुना ब्रिटिश बँड एवढ्या वर्षांनी स्टुडिओत गेला. तो भरती झाला स्वतःहून, सक्तीने नाही, पण तेव्हा १८ ते ६० मधल्या पुरुषांना देशाबाहेर जायलाच बंदी होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिथलाच कलुश ऑर्केस्ट्रा हा बँड युरोव्हिजन ह्या गाण्याच्या स्पर्धेला गेला तो तात्पुरती परवानगी घेऊन, आणि त्यांच्यातला एक जण कीव्हच्या रक्षणासाठी मागे राहिला. जिंकले ते, आणि ट्रॉफी विकली ९ लाख डॉलरला, ड्रोन घ्यायला. १८ महिन्यांचं कॅलेंडर फाडायची सोय पण तिथे नाही, कधी सुटणार ते कोणालाच माहीत नाही.

फौजी_आप्पा

रानपाखरू बेटा, नाही गैरसमज करून घेतला. नातवाने ह्या धाग्याची लिंक दिली, मोबाइलवर टाइप करतोय, चुका माफ करा. फौजेत २६ वर्षं काढली. आपल्याकडे सक्ती नाही, आम्ही पळून पळून भरती झालो, तरी पहिला महिना सगळ्यांना सारखाच.

आवाजाचं विचारलंय. पहिल्या दोन आठवड्यांत आवाज फुटतोच. सगळ्यांचा. कारण घरी आपण गळ्यातून बोलतो आणि तिथे उस्ताद म्हणतो पोटातून काढ. ज्याला जमत नाही त्याचा घोगरा होतो, आणि मग उस्ताद म्हणतो आवाज कुठे गेला, की परत ओरड. थंडीत पहाटे पाचला फॉलिन म्हणजे रांगेत उभं, तोंडातून वाफा, आणि कॅशन, म्हणजे ओरडून हुकूम द्यायचा. मेसमधून गरम पाणी आणि मीठ मागून गुळण्या करायचो.

माझ्या बॅचला एक जण होता, सोलापूरकडचा, भारूड म्हणायचा. गावाला त्याच्या नावावर लोक यायचे. पहिल्या रविवारी त्याला म्हणायला लावलं तर सगळी बॅरेक गप. तिसऱ्या रविवारी त्याच्या तोंडून आवाजच निघेना. तो रडला नाही पण रात्री मला म्हणाला, आप्पा, माझ्याकडं तेवढंच हुतं. मी २० वर्षांचा, मी काय सांगणार. मी आपलं त्याच्या अंगावर माझी घोंगडी टाकली.

पुढे त्याचा आवाज आला, पण वेगळा. जाड झाला, खालचा झाला. वरचे सूर गेले. बडाखान्याला, म्हणजे फौजेतल्या मेजवानीला, म्हणायचा तेव्हा जवान टाळ्या वाजवायचे, पण त्याला स्वतःला तो आपला वाटायचा नाही असं म्हणायचा.

निळी_शाई

आप्पा, नमस्कार करते. मी तीन दिवस ह्याच उत्तराची वाट बघत होते आणि आता ते आलं तर परत परत वाचतेय. ते अजून म्हणतात का? गावाला?

रानपाखरू

आप्पा 🙏 जिनचा आवाज मी परत ऐकला आत्ता, जायच्या आधीचा आणि आल्यानंतरचा. वरचे सूर आहेत त्याचे. पण मध्ये श्वास घ्यायची जागा बदललीये असं मला वाटलं, माझं ऐकणं इतकं पक्कं नाही पण.

अश्दोदकर

आप्पा, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तिला मराठी समजतं, बोलताना अडखळते. तिने विचारलं, घोंगडी म्हणजे काय. मी सांगितलं.

फौजी_आप्पा

काल रात्री त्याला फोन लावला, चार-पाच वर्षांनी. म्हातारा झालाय, डाळिंब लावलीत. विचारलं म्हणतोस का. म्हणाला आता देवळात नातू म्हणतो, मी मागं झील धरतो. वरचे सूर त्याचे, खालचे माझे. म्हटलं म्हणून दाखव. फोन नातवाच्या हातात दिला, टाळ आणायला कोणाला तरी पाठवलं, आणि दोघांनी फोनवर म्हटलं. रेकॉर्ड करायचं मला सुचलं नाही.